दाराजवळच्या बरण्या

तारीख १७ नोव्हेंबर, वार शुक्रवार. रक्कम अकरा हजार सातशे चाळीस. नावे: भट्टीवाला. कारण: आच जास्त दिल्याने माल तडकला.

ही अकरा वर्षांपूर्वीची नोंद माझ्याच अक्षरात आहे. मी इथला हिशेबनीस. मालकांनी सांगितली, मी लिहिली. आमच्या कारखान्यात मातीची भांडी होतात. बरण्या, वाडगे, ताटे, कुंड्या. भट्टी लाकडावर चालते आणि वर्षातून दोनदाच लागते, एकदा थंडी सुरू होताना आणि एकदा उन्हाळा लागण्याआधी. सहा महिन्यांचे काम एका भट्टीत जाते. ती बिघडली की नुकसान कोणाच्या तरी नावावर टाकायचे, हा कारखान्याचा जुना नियम आहे. त्या वर्षी ते भट्टीवाल्याच्या नावावर पडले आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. या धंद्यात कारखाने थोडे आणि तोंडे फार. आठवडाभरात ती बातमी सगळीकडे पोचली आणि त्याला कोणीच भट्टीजवळ उभे केले नाही. शेवटी तो एका शाळेत घंटा वाजवायच्या कामाला लागला. अजून तिथेच आहे. तास संपला की ठोका एक मिनिटही इकडेतिकडे होत नाही, असे तिथले मास्तर सांगतात.

पण हे लिहितो आहे ते त्याच्या बायकोबद्दल. तिला आम्ही सगळे काकू म्हणतो.

नवऱ्याची नोकरी गेल्यावर पंधरा दिवसांनी ती कारखान्यात आली. सरळ मालकांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"ह्यांच्या नावावरचे पैसे मी फेडते. काम द्या."

मालक हसले. "तुला भट्टीतलं काय कळतं, बाई?"

"काही नाही कळत. माती तुडवायला कळावं लागतं का?"

मालकांना आंधळा मागतो एक डोळा असे झाले. बुडीत रक्कम वसूल होणार होती, वर निम्म्या पगारात माणूस मिळत होते. तिला माती तुडवायला लावले. दरमहा तीनशे कापायचे ठरले. एकोणचाळीस महिने तीनशे आणि चाळिसाव्या महिन्यात चाळीस, असे तिने ते फेडले. शेवटच्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली.

"भाऊ, पावती द्या. पण वर नुकसानभरपाई लिहू नका. मालकांना उसने दिले, असं लिहा."

मी हसलो. ती हसली नाही. मी नुसते 'रक्कम पोचली' एवढेच लिहिले.

ती बुटकी, मनगटाने दणकट. भट्टीच्या दिवसांत नवऱ्याचा जुना कोट घालते, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या असतात. भुवया दर भट्टीत होरपळतात आणि पुढच्या भट्टीपर्यंत पुन्हा उगवतात. डबा खाताना ती कायम भट्टीच्या दाराकडे तोंड करून बसते. एकदा मी विचारले, की इकडे सावलीत का बसत नाही? "मांजर उंदराच्या बिळाकडे पाठ करून बसतं का?" म्हणाली. मला तेव्हा त्यात फक्त विनोद दिसला.

पैसे फिटल्यावर ती काम सोडेल असे मालकांना वाटले होते. ती राहिली. माती तुडवता तुडवता लाकडे रचायला शिकली, मग ती भट्टीत झोकायला, मग भांड्यांवरची काचेसारखी झिलई कालवायला. भट्टीवाल्याच्या जागेवर मालकांनी तीन माणसे ठेवून पाहिली. एक पीत होता, एक भांडत होता, तिसऱ्याला पगार जास्त हवा होता. सातव्या वर्षी भट्टी काकूच्या हातात आली. बाईमाणूस म्हणून पगार कमी दिला तरी चालेल, हा मालकांचा हिशेब होता. तिचा हिशेब वेगळा होता, आणि तो तिने मला त्याच वर्षी सांगितला.

एका दुपारी तिने माझ्या वहीवर दोन खापरे ठेवली.

"ह्या कडेवरून बोट फिरवा, भाऊ."

पहिल्या खापराची कड चघळलेल्या गोळीसारखी गुळगुळीत होती.

"आता ही."

दुसरीने माझे बोट कापले.

"भांडं तापताना तडकलं, तर झिलई नंतर वितळते आणि तड्याच्या कडांवरून ओघळते. कड गुळगुळीत होते. निवताना तडकलं, तर झिलई आधीच घट्ट बसलेली असते. कड अशी धारदार राहते. आच जास्त झाली म्हणून तडकलेलं भांडं कधी बोट कापत नाही." तिने ते दुसरे खापर उचलले. "हे ह्यांच्या त्या भट्टीतलं आहे. मागच्या ढिगातून सगळी तपासली मी. एकशे चौदा तुकडे. सगळे धारदार. ह्यांनी आच बरोबर दिली होती. ते तीस तास जागून घरी झोपले होते, तेव्हा मागे कोणीतरी दार उघडलं आणि परत बंद केलं."

त्या वर्षी भट्टी बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेतून परत आलो, तेव्हा भट्टीच्या दारावरचा मातीचा लेप मला ओला दिसला होता. तोपर्यंत तो वाळून खडखडीत व्हायला हवा होता. आणि मालकांच्या टेबलावर एक नवी बरणी होती. एक दुकानदार नमुना बघायला आला होता. मी कोणाला काही विचारले नव्हते. तिला ते त्या दुपारी सांगितले.

"तेव्हा बोलला असतात तर?" तिने विचारले.

"नोकरी गेली असती."

"हं. आमची गेली." तिने खापर कोटाच्या खिशात टाकले. "आताही बोलू नका. तुमच्या तोंडून ऐकून काय करू मी? मला त्यांच्या तोंडून हवंय. चारचौघांत, आणि वहीत लिहून. ह्यांचं नाव जसं लिहिलं तसंच."

"ते कधी कबूल करणार नाहीत."

"करतील. एकदा चव लागलेला माणूस दुसऱ्यांदा झाकण उघडतोच. फक्त घाई व्हायला हवी."

त्यानंतर चार वर्षे घाई झाली नाही. दर भट्टीला मालक शहाण्यासारखे वागले. भट्टी निवायला पाच दिवस लागतात. काकूची पद्धत ठरलेली होती. पाचव्या दिवशी दाराची एक वीट काढायची, वर्तमानपत्राची सुरळी आत सरकवायची, शंभर आकडे मोजायचे. सुरळी तांबूस होऊन आली तर वीट परत बसवायची आणि एक दिवस थांबायचे. पांढरी आली तर दार उघडायचे. शिकाऊ पोरांना ती हे पहिल्या महिन्यात शिकवायची. कडेवरून बोट फिरवायलाही तेव्हाच शिकवायची.

यंदा शिकाऊ दोघे होते. मुलगा उंच, म्हणून त्याला बांबू म्हणायचे. मुलगी त्याच्या खांद्याला लागायची आणि तोंडाने तिखट, म्हणून ती मिरी. दोघांची तीन वर्षे पुरी झाली होती. प्रत्येकाने एकाच भट्टीतून सहा वाडगे बिनदोष काढायचे, की स्वतःचा ठसा मिळतो, भांड्याच्या बुडाशी उमटवायला. ठसा म्हणजे कारागिराचा पगार. एक जरी वाडगा तडकला तरी पुढच्या भट्टीपर्यंत थांबायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका मोठ्या हॉटेलची साठ बरण्यांची मागणी आली. मागोमाग फोन आला. मी स्पीकर चालू ठेवला होता आणि काकू खिडकीत झिलईच्या सामानाची यादी घेऊन उभी होती. हॉटेलचे व्यवस्थापक मंगळवारी येणार होते. गुरुवारी ते परदेशी जाणार, त्याआधी माल डोळ्यांनी बघायचा होता. नाहीतर मागणी दुसऱ्या कारखान्याला. मालक म्हणाले, "या, या. दाखवतो की." भट्टी शनिवारी संध्याकाळी बंद होणार होती. मंगळवारी तिचा तिसरा दिवस.

काकूने यादी माझ्याकडे दिली. यादीवरचा तिचा अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलेला होता.

भट्टी भरताना मधली जागा मालाची असते आणि दाराजवळची शिकाऊ पोरांची. दारातून गार हवेची तिरीप येते, तिथली भांडी आधी बिघडतात, म्हणून. यंदा काकूने उलटे केले. साठ बरण्यांपैकी चाळीस दाराजवळ रचल्या आणि पोरांचे वाडगे पार मागच्या भिंतीशी ठेवायला सांगितले.

"काकू, दाराजवळ तर आमची भांडी असतात ना?" बांबूने विचारले.

"यंदा पाहुण्यांना दाराशी बसवायचं."

"पाहुण्यांना दाराशी?"

"नको असलेल्यांना."

पोरे हसली. काकू हात धुवायला गेली. मागच्या फळीवर अकराच वाडगे मावत होते. बांबूचे सहा आधीच लागले होते, मिरीचे पाच. मिरीने सहावा वाडगा दाराजवळ, एका बरणीच्या मागे सरकवून दिला. इतकी वर्षे सगळ्यांचे तिथेच तर असायचे, एकाने काय होते, असे तिला वाटले. बांबूने पाहिले, पण त्यालाही त्यात काही वाटले नाही. काकूला सांगायचे राहून गेले. विटा रचल्या, लेप दिला, आणि भट्टी लागली.

मंगळवारी सकाळी अकराला व्यवस्थापक आले. पांढरा शर्ट, हातात टॅब. गार वारा सुटला होता, त्यांनी दोनदा कॉलर वर केली. मालक त्यांना थेट भट्टीपाशी घेऊन आले.

"बाई, चार विटा काढू. दोन बरण्या बाहेर घेऊ, परत लिंपून टाकू. काय कळतंय कोणाला?"

हे वाक्य ऐकल्यावर काकूने माझ्याकडे एकदाच बघितले. मग ती पुढे झाली, एक वीट काढली आणि कागदाची सुरळी आत सरकवली. शंभर मोजायची गरज पडली नाही. तिसाव्या आकड्याला काढली तर सुरळीचे टोक चहासारखे झाले होते. तिने ती चुरगाळून खिशात कोंबली.

"काय म्हणते भट्टी?" मालकांनी विचारले.

"भट्टी काय म्हणणार? मालक तुम्ही."

मिरी पुढे आली. "काकू, कागद तर—"

"मिरी, झाडू घे. विटांचा चुरा पडेल."

"पण काकू, माझा एक—"

"झाडू म्हटलं ना!"

मिरी झाडू आणायला गेली. मालकांनी स्वतः पहार घेतली. काकूने त्यांना जाड हातमोजे दिले, अगदी सुनेने सासऱ्याला चहा द्यावा तसे अदबीने. चार विटा काढायच्या होत्या, त्या निघताना शेजारच्या सहा ढासळल्या. वारा सरळ आत गेला.

आधी काहीच झाले नाही. मग आतून टिंग असा आवाज आला, पेल्याला चमचा लागावा तसा. थोड्या वेळाने दुसरा. मग दोन एकदम.

"हा आवाज कसला?" व्यवस्थापकांनी विचारले.

"मालक सांगतील," काकू म्हणाली.

मालकांनी घाईने लांब चिमट्याने एक बरणी बाहेर ओढली आणि वाळूवर ठेवली. बरणी क्षणभर उभी राहिली, सुंदर हिरवी, व्यवस्थापकांनी टॅब वर उचलला फोटो काढायला, आणि बरणी खांद्यापासून बुडापर्यंत उभी चिरली.

मालकांचा चेहरा उतरला, पण जीभ सवयीने चालली. "आच जास्त झाली. बाई, तू आच जास्त दिलीस! तुला सांगितलं होतं मी."

अकरा वर्षे ती याच वाक्यासाठी थांबली होती. तिने आवाज चढवला नाही. वर्गात बोलवावे तसे बोलावले.

"बांबू, इकडे ये. थोडी निवू दे आणि कड बघ. काय शिकवलंय?"

बांबूने बरणी जरा हात लावण्याजोगी व्हायची वाट पाहिली आणि फडक्यात धरून अर्धी उचलली. कडेवरून अगदी हलके नख फिरवले. तो पाठ म्हटल्यासारखा बोलला, "धारदार आहे. म्हणजे आचेनं नाही, निवताना तडकलं. म्हणजे दार लवकर उघडलं." मग त्याने मालकांकडे पाहिले आणि त्याच्या लक्षात आले. "चुकलं का काही माझं?"

"नाही रे बाळा, बरोबर आहे. मालक, बरोबर आहे ना? तुमच्याच कारखान्यात शिकतोय तो."

काकूने खिशातले जुने खापर काढले आणि बरणीच्या तुकड्याशेजारी वाळूवर ठेवले.

"आता ह्याचीही कड बघा, साहेब. अकरा वर्षांपूर्वीची भट्टी. तेव्हाही आच जास्त झाली होती म्हणे. माझ्या नवऱ्याच्या हातून."

व्यवस्थापकांनी वाकून दोन्ही कडांना बोट लावले. "सारख्याच आहेत," ते म्हणाले. त्यांना त्यात काही घेणेदेणे नव्हते, म्हणून ते जास्तच खरे वाटले. "मालक, मला माल हवाय. उशीर झाला तर मी वरिष्ठांना समजावीन. पण दार कोणाच्या चुकीनं उघडतं ते मला कळायला हवं. पुढच्या वेळी कोणाचं ऐकायचं ते ठरवता येईल."

"जुनं ते जुनं," मालक पुटपुटले. "मढं उकरून काय मिळणार?"

"मढं नाही ते. जिवंत आहे. शाळेत घंटा वाजवतं," काकू म्हणाली.

आतून आणखी एक टिंग झाले. मालकांनी भट्टीकडे पाहिले, व्यवस्थापकांकडे पाहिले, शेवटी माझ्याकडे पाहिले. मी वही घेऊनच उभा होतो. मला कोणी आणायला सांगितली नव्हती.

"बरं! तेव्हाही मीच उघडलं होतं," ते ओरडले. "एक बरणी हवी होती नमुन्याला. तेव्हाही मी, आजही मी. झालं समाधान?"

"लिहा, भाऊ," काकू म्हणाली. "समाधान सोडून बाकी सगळं लिहा."

मी लिहिले. जुन्या नोंदीवर लाल रेघ मारली, खाली मालकांची सही घेतली. अकरा हजार सातशे चाळीस परत द्यायचे मालकांनी त्याच वेळी कबूल केले. काकू म्हणाली, "पैसे मी मागितले नव्हते. घेईन मात्र." दोन दिवसांनी तिने ते माझ्या खिडकीशी दोनदा मोजून घेतले.

त्या संध्याकाळी तिने घरी जाऊन नवऱ्याला सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी मी विचारले, काय म्हणाले ते?

"बरं म्हणाले. आणि जेवले." ती लाकडे मोजत होती. "अकरा वर्षं आणि बरं! नंतर पाणी पिताना विचारलं, पोरांची भांडी मागे ठेवली होतीस ना? मी म्हटलं, पहिल्यांदा तेच केलं. म्हणाले, मग ठीक."

मंगळवारीच विटा परत रचून दार लिंपले होते. गुरुवारी कागद पांढरा आला आणि दार पुरते उघडले. साठ बरण्यांपैकी तेवीस तडकल्या होत्या, सगळ्या दाराजवळच्या. हॉटेलने उरलेल्या सदतीस घेतल्या आणि बाकीच्यांना उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. मागच्या फळीवरचे अकरा वाडगे ठणठणीत निघाले. बांबूने आपले सहा एकेक करून उन्हात धरले. मिरी पाच काढून थांबली आणि दाराजवळच्या तुकड्यांत हात घातला.

सहावा वाडगा दोन भागांत आला.

काकूने तो तिच्या हातात पाहिला. "हा तिथे कोणी ठेवला?"

"मी. मागे जागा नव्हती."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही झाडू दिलात."

काकूने कोटाची बाही दुमडली, आधीच दुमडलेली होती तरी. "सहा महिने थांबायचं. मी अकरा वर्षं थांबले."

"तुम्ही तुमच्यासाठी थांबलात," मिरी म्हणाली. तिने दोन्ही तुकडे एकात एक ठेवले, ढिगावर न टाकता कपड्यात गुंडाळले आणि माती तुडवायला गेली.

बांबूला ठसा मिळाला. मिरी अजून शिकाऊच आहे. ती पूर्वीसारखीच काम करते, विचारलेल्याचे उत्तर देते, पण काकूला काकू म्हणत नाही. मालक म्हणतात तसे बाई म्हणते. काकूने एकदा तिला झिलईची नवी कृती शिकवायला बोलावले होते. मिरी आली, शिकली आणि गेली. त्या दिवशी काकूने डबा भट्टीकडे पाठ करून खाल्ला. मालकांबद्दल मात्र तिचा राग तसूभरही उतरलेला नाही. ते समोरून आले की ती हातातले काम थांबवून ते जाईपर्यंत बघत राहते. तिचे पारडे बरोबरीला आले असे मला वाटले होते. तिला तसे वाटत नाही, आणि तसे तिने मला तोंडावर सांगितले.

कारखान्याच्या नियमाप्रमाणे शिकाऊ पोराचे भांडे दुसऱ्याच्या चुकीने फुटले, तर चूक करणाऱ्याने त्याची किंमत द्यायची. वाडग्याची किंमत अडतीस. मी दोघांनाही विचारले.

काकू म्हणाली, "दार मी उघडलं नाही. मालकांच्या नावावर टाका."

मालक म्हणाले, "पोरगी बोलत होती तेव्हा तिचं तोंड कोणी बंद केलं? बाईच्या नावावर टाका."

उन्हाळ्याची भट्टी आता तीन आठवड्यांवर आली आहे. मी पुढच्या वर्षी निवृत्त होईन, वही दुसऱ्याच्या हातात जाईल. रक्कम कोणाच्याही नावावर पडलेली नाही. मिरीचे अडतीस द्यायचे बाकी आहेत.